हिवाळी ऑलिंपिक प्रत्यक्ष बघायचंय: चार दिवस, चार खेळ आणि सोबत आई

प्रश्न थोडक्यात असा: २०३० च्या फ्रेंच आल्प्समधल्या हिवाळी ऑलिंपिकला चार दिवस जायचंय, तेही पहिल्यांदाच. सोबत पासष्टीची आई. पुरुषांची डाउनहिल (डोंगरउतारावरून सुसाट खाली येण्याची स्कीची शर्यत), स्की जंपिंग, फिगर स्केटिंगची फायनल आणि आइस हॉकीचा एखादा सामना अशी यादी तयार आहे. हे सगळं चार दिवसांत बसेल का, तिकिटं कुठल्या भागातली घ्यावीत आणि थंडीचं नक्की किती मनावर घ्यायचं?

मी बरीच वर्षं प्रेक्षकांचे छोटे गट घेऊन हिवाळी स्पर्धांना जाते. जवळपास प्रत्येक गटाची पहिली यादी अशीच असते, कारण ती टीव्हीवरून केलेली असते. टीव्हीवाले डाउनहिलसाठी डोंगरभर कॅमेरे लावतात. तुमच्या वाट्याला येतात तुमचे दोन डोळे आणि बसायची किंवा उभं राहायची एक जागा. म्हणून कुठला खेळ भारी हा विचार जरा बाजूला ठेवा. मी जिथे असेन तिथून त्या खेळाचा किती भाग दिसेल, आणि तेवढं बघायला किती तास गारठ्यात काढावे लागतील, हा हिशोब आधी मांडा. यादी त्यातून बरीच बदलते.

डाउनहिलपासूनच सुरू करू. शर्यत साधारण दोन मिनिटांची, वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे. उताराच्या कडेला उभे असाल तर एक स्कीअर तुमच्या नजरेत तीन-चार सेकंद राहतो. आधी आवाज येतो. शर्यतीचा उतार पाणी मुरवून टणक केलेला असतो, त्यावर स्कीच्या कडा घासल्याचा खरखराट उंचवट्याच्या पलीकडून ऐकू येतो, तेव्हा माणूस अजून दिसतही नसतो. मग वळणातून एक रंगीत आकृती सुटते, अंगावर आल्यासारखी वाटते आणि गेलीसुद्धा. पुन्हा वाट बघायची. मला स्वतःला हे फार आवडतं, कारण त्या वेगाचा अंदाज कुठल्याच पडद्यावर येत नाही. पण ऑलिंपिकमध्ये उताराच्या कडेने मोकळं फिरता येईल असं धरून चालू नका. प्रेक्षकांची जागा बहुतेक शेवटच्या टप्प्यात, फिनिशपाशी असते. तिथून शेवटची उडी आणि थांबणं दिसतं; बाकीची शर्यत मोठ्या पडद्यावरच बघायची.

दुसरी अडचण हवामानाची, आणि ती किरकोळ नाही. नागानो १९९८, व्हँकुव्हर २०१०, प्योंगचांग २०१८ आणि बीजिंग २०२२ या चारही ऑलिंपिकमध्ये पुरुषांची डाउनहिल ठरल्या दिवशी झाली नाही. नागानोत ८ फेब्रुवारीची शर्यत १३ ला झाली, प्योंगचांगला वाऱ्यामुळे ११ ची १५ ला गेली. बीजिंगला एका दिवसावर निभावलं. डाउनहिलला वारा, धुकं, नवा भुसभुशीत बर्फ किंवा नको तितकी ऊब, यातलं काहीही नडतं. पुढे ढकललेल्या शर्यतीला तुमचं तिकीट चालेल की पैसे परत मिळतील, हे त्या-त्या आयोजकांच्या नियमांवर असतं आणि ते विकत घेण्याआधी वाचायचं असतं. पण नियम कितीही उदार असला तरी चौथ्या दिवशी तुमचं परतीचं विमान असेल तर त्याचा उपयोग काय?

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: चार दिवसांच्या पहिल्या ऑलिंपिकमधून डाउनहिल काढून टाका. ती बघायचीच असेल तर एखाद्या जानेवारीत वर्ल्ड कपला, म्हणजे दर हिवाळ्यात ठिकठिकाणी होणाऱ्या स्की शर्यतींच्या मालिकेला जा. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत होते, जवळपास साडेचार किलोमीटरचा उतार, वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब. २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेने तिथे ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला होता. गावात मोटारी नाहीत, दातेरी रुळांवरच्या गाडीने वर जायचं आणि प्रेक्षक थेट उताराच्या बाजूला. ऑस्ट्रियात किट्झब्यूहेलला गर्दी आणि धांगडधिंगा जास्त, उतार त्याहून भीतिदायक. दोन्हीकडे मुख्य शर्यतीच्या आधी सरावाच्या फेऱ्या होतात. डाउनहिलमध्ये सरावाशिवाय शर्यत घेताच येत नाही, आणि सरावाच्या दिवशी गर्दी कमी, स्कीअर तेच.

स्की जंपिंग मात्र यादीत ठेवा. सगळा खेळ एका नजरेत मावतो: वरून सुटणं, टोकावरची झेप, हवेतला प्रवास, खाली उतरणं. फक्त जागा विचार करून घ्या. सगळ्यांना समोरची, खालची, मधोमध असलेली जागा हवी असते. तिथून जंपर तुमच्याकडेच येत असतो, त्यामुळे उडी किती लांब गेली ते डोळ्यांना कळत नाही, स्क्रीनवरच वाचावं लागतं. बाजूच्या स्टँडमध्ये, उताराच्या मध्यावर जागा मिळाली तर खरी गंमत. टीव्हीवर वाटतं तितके ते उंच नसतात. उताराला समांतर, जमिनीपासून काही मीटरच वर जातात आणि मोठ्या टेकडीवर तसेच १२०-१३० मीटर तरंगत राहतात. अंगावरच्या सूटची फडफड ऐकू येते. त्या बाजूला पोचायला पायऱ्या मात्र भरपूर चढाव्या लागतात, तेव्हा आईंचा विचार करून ठरवा.

गुणांचं गणित जाण्याआधी समजून घ्या, नाहीतर सगळ्यात लांब उडी मारणारा मागे का पडला म्हणून डोकं खाजवत बसाल. अंतराचे गुण असतात, पाच पंचांचे शैलीचे गुण असतात (त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळतात), शिवाय समोरून वारा मिळाला तर गुण कापतात, पाठीमागून आला तर देतात. पहिल्या फेरीतले ३० जण दुसऱ्या फेरीत जातात आणि तिथे क्रम उलटा असतो, आघाडीचा सगळ्यात शेवटी. म्हणजे शेवटची दहा मिनिटं सोडून बस पकडायला पळणं हा निव्वळ वेडेपणा, आणि तो करणारे लोक दर वेळी दिसतात. जंपिंग बरेचदा संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात असतं आणि वारा शांत होण्याची वाट बघत थांबावं लागतं. प्योंगचांगला पुरुषांच्या लहान टेकडीची स्पर्धा अशी रेंगाळत मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली होती.

तुमच्या यादीत नसलेला एक खेळ मी आग्रहाने घालेन: बायथलॉन. स्कीवर पळायचं, मध्येच थांबून रायफलने ५० मीटरवरची पाच लक्ष्यं पाडायची, पुन्हा पळायचं. प्रत्यक्ष बघायला याच्याइतका सोयीचा मैदानी हिवाळी खेळ दुसरा नाही, कारण खेळाडू पुन्हा पुन्हा तुमच्यासमोर येतात आणि निकाल तुमच्या डोळ्यांदेखत फिरतो. झोपून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने मारायचं ११५ मिलिमीटरचं. लागलं की काळा ठिपका पांढरा होतो, आणि प्रत्येक ठिपक्यागणिक हजारो माणसं एकदम ओरडतात. चुकला की तितकीच माणसं कळवळतात. बहुतेक प्रकारांत प्रत्येक चुकीला १५० मीटरची जादा फेरी मारावी लागते, ती फेरीही स्टँडसमोरच. तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. एक, स्टँड नेमबाजीच्या रांगेसमोर आहे ना. दोन, शर्यत मास स्टार्ट, परस्यूट किंवा रिले आहे ना. या तिन्हींत जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला, पोरालाही कळेल. स्प्रिंट आणि इंडिव्हिज्युअलमध्ये एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो, कोण पुढे आहे ते सतत घड्याळावर शोधावं लागतं. पहिल्या वेळेला ते नको.

बॉबस्ले, ल्यूज, स्केलेटन, म्हणजे बर्फाच्या वळणदार ट्रॅकवरून घसरगाडीने सुटायचे खेळ, यांबद्दल दोनच ओळी. वळणापाशी उभं राहिलात तर गडगडाट येतो आणि स्लेज डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातो. पण ट्रॅकच्या कडेने वरपासून खालपर्यंत चालता येत असेल तर मजा येते, आणि चालल्यामुळे अंगात ऊबही राहते. आईंसाठी मात्र ती चढण नको.

आता हॉलमधले खेळ. फिगर स्केटिंगच्या फायनलचं तिकीट परवडत असेल तर घ्याच, पण सत्र चांगलं चारेक तासांचं असतं हे लक्षात ठेवा. एकेरीत २४ जण, सहा-सहांचे गट, प्रत्येक गटाआधी सरावाची सहा मिनिटं, मध्ये बर्फ गुळगुळीत करायला विश्रांती. कार्यक्रम मुख्यतः पंचांच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे पंचांच्या मागची किंवा त्या बाजूची वरची जागा ही समोरच्या पहिल्या रांगेपेक्षा बरी. फायनल परवडत नसेल तर शॉर्ट प्रोग्रॅमचं, म्हणजे फायनलआधीच्या पहिल्या फेरीचं सत्र घ्या. खेळाडू तेच, सगळे जण अजून शर्यतीत असतात, आणि भाव पुष्कळदा खाली असतो.

आइस हॉकीला काचेजवळच्या जागेसाठी जादा पैसे मोजू नका. खाली बसलं की पलीकडच्या अर्ध्या मैदानावर काय चाललंय ते कळत नाही, अन् जवळच्या कोपऱ्यातला पक (ज्याने खेळतात ती रबरी चकती) फळीआड जातो. मधल्या रेषेच्या आसपास, वरच्या रांगांत बसा. पास कसे फिरतात, कोण मोकळा सुटला, सगळं दिसतं. साखळीतला सामना घेतलात तरी चालेल. बाद फेरीचं तिकीट काढताना कोण कोणाशी खेळणार हे कित्येकदा ठरलेलंच नसतं, तेव्हा एखाद्या देशासाठी म्हणून ते घेऊ नका.

म्हणजे बदललेली यादी अशी: जंपिंग, बायथलॉन, स्केटिंग, हॉकी. चार दिवसांत बसतील का, हे पूर्णपणे नकाशावर आहे. हिवाळी ऑलिंपिक आता एका गावात होत नाही. २०२६ च्या मिलान-कोर्तिनाचा नकाशा काढून बघा: हॉकी आणि स्केटिंग मिलानमध्ये, पुरुषांचं अल्पाइन स्कीइंग (डाउनहिल त्यातच येते) बोर्मिओला, महिलांचं कोर्तिनाला, बायथलॉन अंटहोल्झला, जंपिंग प्रेदात्सोला. मिलान ते कोर्तिना रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर, तेही फेब्रुवारीतल्या घाटांमधून. कागदावर सकाळी इथे, संध्याकाळी तिथे असं लिहिता येतं. निघाल्यावर एका बसमध्ये दिवस जातो. फ्रेंच आल्प्सचं तपशीलवार वेळापत्रक हातात आलं की खेळांची नावं बघण्याआधी कुठली ठिकाणं एकाच दरीत आहेत त्यावर पेन्सिलने गोल करा. जंपिंग आणि बायथलॉन एकमेकांपासून लांब निघाले तर बायथलॉन सोडून जंपिंगशेजारचं क्रॉस-कंट्री (स्कीवरून लांब पल्ल्याची शर्यत) घ्या. ते दोन्ही खेळ लागणाऱ्या नॉर्डिक कंबाइंडमुळे त्यांची मैदानं बरेचदा आसपास असतात. आणि एका दिवशी एकच ठिकाण. तेवढी शिस्त पाळली तरी अर्धी कटकट वाचते.

क्रमही महत्त्वाचा. डोंगरावरचे दोन दिवस आधी, हॉलमधले दोन दिवस नंतर. वाऱ्याने जंपिंग एक दिवस पुढे गेलं तर तुम्ही अजून तिथेच असाल. हॉकीचा सामना वाऱ्याने पुढे जात नाही, त्यामुळे तो शेवटी ठेवायला धोका नाही. बहुतेक लोक उलट करतात, कारण विमान शहरात उतरतं आणि शहर समोरच असतं. शिवाय पोचल्या दिवशी संध्याकाळचं काही घेऊ नका. लांबच्या प्रवासानंतर उबदार जागेत बसल्यावर माणूस पेंगतो, मग समोर ऑलिंपिक असो की आणखी काही.

डोंगरातल्या मैदानांवर खासगी गाडी सहसा जवळ नेऊ देत नाहीत. ठरलेल्या ठिकाणी गाडी लावायची, शटल बस, मग सुरक्षा तपासणीची रांग, मग चालणं. जाताना लोक विखरून येतात, परतताना सगळे एकदम निघतात, म्हणून परतीची रांग नेहमी जास्त लांब आणि जास्त थंड. स्पर्धा संपल्या संपल्या पळण्याऐवजी पदक समारंभ असेल तर तो बघा, गरम काहीतरी प्या, अर्ध्या-पाऊण तासाने निघा. फक्त शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

आता थंडी. तुम्ही 'किती मनावर घ्यायचं' असं विचारलंय, त्याचं उत्तर तापमानावर कमी आणि हालचालीवर जास्त आहे. दुकानात स्कीइंगचे म्हणून जे कपडे मिळतात ते हलणाऱ्या माणसासाठी असतात. प्रेक्षक तीन-चार तास एका जागी खिळलेला असतो, त्याला स्कीअरपेक्षा जास्त ऊब लागते. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर जाड पफर (आत भरण असलेलं फुगीर जाकीट), सगळ्यात बाहेर वारा अडवणारं जाकीट. सुती काही नको, जीन्स तर नकोच; घामाने ओलं झालेलं सुती कापड वाळत नाही आणि मग दिवसभर अंग गार पडतं. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात: बसमधून उतरल्यावर सगळे थर चढवून चढावर चालत येतात, जागेवर पोचेस्तोवर आतून भिजलेले असतात आणि तासाभरात कुडकुडायला लागतात. चालताना पफर पिशवीत ठेवा, जाकिटाची चेन उघडी ठेवा. जागेवर पोचलात की लगेच, थंडी वाजायची वाट न बघता, पफर चढवा.

पायांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण गारठा खालून येतो. तात्पुरते स्टँड लोखंडी असतात आणि त्यांच्या खालून वारा वाहतो. व्यायामाच्या चटईचा जाड फोम कापून दोन चौकोनी तुकडे करा, एक पायाखाली, एक बसायला. वजन नाही, खर्च नाही, आणि माझ्या गटातली माणसं महागड्या बुटांपेक्षा याच्यासाठी जास्त आभार मानतात. बूट किंचित मोठे घ्या. मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात; एकच जाड लोकरी जोड बरा. ऊब देणाऱ्या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते, ती हवेशी संयोग पावून तापते. म्हणून बुटात घालायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी फोडा, हवा मिळू द्या, आणि पायासाठी बनवलेल्याच घ्या. त्वचेला थेट लावायच्या नाहीत. आईंना मधुमेह असेल, पायाला स्पर्श कमी जाणवत असेल तर त्या पुड्या पायात नकोतच, भाजलेलं कळतही नाही.

तापमानाचा अंदाज बघताना तो पायथ्याच्या गावाचा आहे की मैदानाचा, हे तपासा. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश उतरतं. सूर्य कड्याआड गेला की दुपारी तीनला अंगावर उबदार वाटणारा स्टँड काही मिनिटांत गारठतो, तेव्हा दुपारच्या उन्हावर भाळून पफर बसमध्ये ठेवू नका. उलट, भर उन्हात बर्फावरून परतणारा प्रकाशही चेहरा भाजतो. गॉगल आणि सनस्क्रीन डोंगरावर चैनीच्या वस्तू नाहीत.

आईंसाठी म्हणून तीन-चार गोष्टी. डोंगरावर उभ्याचं तिकीट घेऊ नका, बसायची जागा असलेलंच घ्या, आणि शक्यतो पायऱ्यांच्या तळाशी. चालायला त्रास असेल तर आयोजकांची वेगळी वाहनसेवा असते का ते तिकीट काढतानाच बघा. आयत्या वेळी गेटवर विचारून काही होत नाही. बुटांवर चढवायचे रबरी-लोखंडी काटे घट्ट बर्फाच्या वाटेवर फार उपयोगाचे, पण स्टँडच्या लोखंडी पायऱ्यांवर आणि फरशीवर तेच काटे घसरतात, तिथे काढायचे. शौचालयाची रांग टाळायला पाणीच न पिणं हे पुष्कळ जण करतात. कोरड्या थंड हवेत आणि उंचीवर डोकं धरतं, पाणी पीत राहा.

तिकिटं फक्त अधिकृत विक्रीतून आणि अधिकृत पुनर्विक्रीतून घ्या. आता ती बहुतेक फोनवरच असतात, म्हणजे फोन बंद पडला की तिकीटही गेलं. थंडीत बॅटरी भसकन उतरते, ५० टक्के दाखवणारा फोनही एकदम मान टाकतो. फोन आणि पॉवर बँक दोन्ही आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, आणि गेटच्या रांगेत व्हिडिओ काढत बसू नका. आईंचं तिकीट त्यांच्या स्वतःच्या फोनवर घेता आलं तर घ्या, चुकामूक झाली तरी त्या आत जाऊ शकतील.

राहता राहिला बाजूच्या स्टँडचा प्रश्न. आईंना एका दमात पन्नास-साठ पायऱ्या चढता येतात का आणि थंडीत गुडघे दुखतात का, एवढं कळवा. चढता येत असतील तर जंपिंगला बाजूची मधली जागा घ्या. नसतील तर खालची घ्या, पण मोठा पडदा समोर येईल अशी, पाठीमागे नको.